शिष्यवृत्तीच्या वाटेवर माहेर आणि सासर

तुळशीचे लग्न लागले की सीमाभागातील घराघरांत सोयरिकीच्या गोष्टी सुरू होतात. बेळगावची लेक चंदगडला जाते, गडहिंग्लजची निपाणीला येते, खानापूरची आजऱ्याच्या घरात सून म्हणून नांदू लागते. या सोयरिकी आजच्या नाहीत. आजचा चंदगड तालुका ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यातच होता. दुसऱ्या दिवशी राज्यपुनर्रचनेचा कायदा अंमलात आला. बेळगाव जिल्हा तेवढा एक तालुका सोडून म्हैसूर राज्यात ढकलला गेला, आणि एका जिल्ह्याच्या लेकीसुनांच्या मध्ये दोन राज्यांची हद्द उभी राहिली. ही हद्द नकाशावर आहे, न्यायालयातील कागदांत आहे, हे आम्ही वर्षानुवर्षे लिहीत आलो. परंतु ती एका मुलीच्या कॉलेजच्या फीच्या पावतीवरही उमटलेली आहे, हे आम्हांला गेल्या महिन्यात समोर बसून पाहावे लागले.

बेळगाव तालुक्यातील एका खेड्याची ही लेक. बाप शेतमजूर, जात अनुसूचित. ती बी. ए.च्या दुसऱ्या वर्षात आहे. पहिल्या वर्षी तिला शिष्यवृत्ती मिळाली. वैशाखात तिचे लग्न झाले आणि ती चंदगड तालुक्यात नांदावयास गेली. सासर भले, सासऱ्यांनी आपण होऊन सांगितले, "पोरी, कॉलेज सोडू नकोस." ती रोज बसने येते आणि जाते. परंतु दुसऱ्या वर्षीचा अर्ज भरावयास गेली तेव्हा इकडच्या कचेरीने विचारले, लग्न झाले ना? मग नवऱ्याच्या उत्पन्नाचा दाखला आणा. नवऱ्याचा दाखला पलीकडच्या तहसीलदाराचा. तो येथे चालेना. म्हणून ती पलीकडे गेली, तर तेथील खिडकीवर उत्तर मिळाले की तुझा जातीचा दाखला कर्नाटकाचा आहे, तो आम्हांला चालत नाही. बापही गरीब आणि नवराही गरीब. दोन्ही घरांची गरिबी कागदावर सिद्ध झाली, आणि दोन्ही घरांच्या मधल्या हद्दीवर शिष्यवृत्ती मात्र बुडाली.

आमच्या कचेरीत ती आली ती तक्रार करावयास नव्हे. तिने एवढेच विचारले, "दादा, मी आता नक्की कोणत्या राज्याची?" या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी आम्ही नियम चाळले. जे आढळले ते वाचकांपुढे ठेवणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिक्षणासाठी केंद्राची जी शिष्यवृत्ती आहे, ती १९४४ पासून चालत आलेली. तिच्यासाठी उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अडीच लाख रुपये. उत्पन्न कोणाचे मोजावयाचे? आईबापांचे. मात्र या योजनेच्या नियमावलीत वर्षानुवर्षे एक टीप छापली गेली: विद्यार्थिनी विवाहित असून स्वतः कमावती नसेल, तर आईबापांच्या जागी नवऱ्याचे उत्पन्न धरावे. लग्नाने शिष्यवृत्तीवर होणारा सारा परिणाम या एका ओळीत आहे. अक्षता पडल्या की त्या क्षणापासून मुलीची गरिबी किंवा श्रीमंती बापाच्या घरातून उचलून नवऱ्याच्या घरी नेऊन ठेवावयाची.

येथे एक गोष्ट डोळ्यांत भरते. टीप विवाहित विद्यार्थिनीची आहे. विवाहित विद्यार्थ्याविषयी तीत अक्षर नाही. मुलगा लग्न करून कॉलेजात गेला तरी तो बापाचाच मुलगा; मुलगी लग्न करून गेली की ती नवऱ्याची बायको. अमेरिकेत सरकारी मदतीसाठी अर्ज करणारा विद्यार्थी विवाहित असला तर त्याला स्वतंत्र मानतात, आईबापांचे उत्पन्न विचारीत नाहीत, आणि जोडीदाराचे मात्र मोजतात. तो नियम बरा की वाईट हा वाद वेगळा. पण तो मुलाला आणि मुलीला सारखाच लागू आहे. आमच्याकडे लग्न दोघांचे होते आणि हिशेब एकटीचा बदलतो.

बरे, सरकारचे सर्व नियम याच एका तत्त्वावर चालतात म्हणावे, तर तसेही नाही. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणात उन्नत गट कोणता, हे ठरविण्याचे सूत्र केंद्राने ८ सप्टेंबर १९९३ च्या ज्ञापनाने घालून दिले. तेथे उमेदवाराच्या आईबापांची स्थिती पाहतात. नवऱ्याचे वा बायकोचे उत्पन्न धरीत नाहीत, आणि हे २००४ साली सरकारने खुलासा करून पुन्हा सांगितले. जातीचे तर विचारूच नका. आरक्षणाच्या हक्कासाठी जात जन्माने ठरते, लग्नाने नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या वल्सम्मा पॉल खटल्यात स्पष्ट केले. म्हणजे तीच मुलगी जातीसाठी बापाची, आरक्षणाच्या उत्पन्नासाठी बापाची आणि शिष्यवृत्तीच्या उत्पन्नासाठी नवऱ्याची. एका माणसाचे असे तुकडे करून ते तीन खिडक्यांवर वाटावयाचे, आणि पुन्हा तिलाच विचारावयाचे की तुझे कागद जुळत का नाहीत!

सीमेने या गुंत्याची दुसरी गाठ मारली आहे. शिष्यवृत्ती ज्या राज्याची विद्यार्थिनी असेल त्या राज्याने द्यावयाची, असा दंडक आहे. मग लग्न होऊन गेलेली मुलगी कोणत्या राज्याची? १९२५ चा भारतीय वारसा कायदा म्हणतो की, लग्नाने बायकोला नवऱ्याचा अधिवास प्राप्त होतो. उलट १९८४ साली डॉ. प्रदीप जैन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, भारतात अधिवास एकच, तो साऱ्या भारताचा. राज्याराज्यांचा वेगळा अधिवास ही कल्पनाच चुकीची. तरीही प्रत्येक राज्याच्या कचेरीत अधिवासाचा दाखला मागतात आणि तो नसेल तर दार लावतात. त्यातच १९९० चा मर्री चंद्रशेखर राव यांचा निकाल. आंध्रातून लहानपणी मुंबईस आलेल्या एका विद्यार्थ्याने तेथील वैद्यकीय महाविद्यालयात राखीव जागा मागितली. न्यायालयाने सांगितले की, राज्यघटनेची ३४१ आणि ३४२ ही कलमे जातीजमातींची यादी त्या त्या राज्यापुरती करतात. राज्य बदलले की तो हक्क बरोबर जात नाही.

या निकालाची धार पुरुषापेक्षा स्त्रीला अधिक लागते, याचा विचार कोणी केला आहे काय? पुरुष राज्य सोडतो तो बहुधा पोटासाठी, आपल्या निर्णयाने. आमच्या समाजात स्त्री राज्य सोडते ती लग्नाने, रीतीने. मराठा समाजाचेच उदाहरण घ्या. कर्नाटकाच्या मागासवर्गीय यादीत तो ३ ब गटात आहे. महाराष्ट्राने २०२४ साली त्याला सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास म्हणून वेगळे आरक्षण दिले. बेळगावच्या मराठा घरातील मुलगी गडहिंग्लजला दिली तर तिच्या हातातील इकडचा दाखला तिकडे कागदाचा तुकडा ठरतो, आणि तिकडचा नवा दाखला मागावा तर बापाच्या पूर्वजांचा पुरावा महाराष्ट्रातला मागतात. बाप तर सीमेच्या या बाजूला, आणि तोही आपल्या मर्जीने नव्हे!

कोणी म्हणेल, सरकारी पैसा गरिबांचा आहे. नवरा सधन असेल तर त्याने बायकोला शिकवावे, खजिन्याने का? हा आक्षेप आम्ही फेटाळीत नाही. मर्यादेपेक्षा कितीतरी अधिक कमावणाऱ्याच्या पत्नीने ती रक्कम घेतली तर दुसऱ्या एखाद्या गरीब मुलीच्या तोंडचा घास जाईल, हे खरे. परंतु नवऱ्याच्या खिशातील पैसा म्हणजे नव्या सुनेच्या हातातील पैसा नव्हे, हे ज्याने आपल्या खेड्यातील संसार पाहिले आहेत त्याला सांगावयास नको. सासरचे लोक फी भरतीलच असे गृहीत धरणारा नियम मुंबई-दिल्लीच्या टेबलावर शोभतो. चुलीपुढे बसलेल्या मुलीला तो एवढेच सांगतो की, आता शिकावयाचे की नाही हे दुसऱ्यांनी ठरवावे. शिवाय आमच्यापुढील प्रश्न सधन नवऱ्याचा नाहीच. गरीब बापाची लेक गरीब नवऱ्याच्या घरी गेली आणि नियमाप्रमाणे पात्र असूनही केवळ दोन राज्यांच्या दाखल्यांत अडकली, तिचा आहे.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. पहिली केंद्राकडे. अभ्यासक्रमाच्या आरंभी ज्या मुलीला शिष्यवृत्ती मंजूर झाली, तिची ती मंजुरी पदवी हाती पडेपर्यंत लग्नाच्या कारणाने तोडू नये. आणि विवाहित विद्यार्थी व विवाहित विद्यार्थिनी यांना एकच कसोटी लावावी. दुसरी कर्नाटक शासनाकडे. मुलीची जात तुमच्या यादीतली, शाळा तुमच्या हद्दीतली, कॉलेजही तुमच्या हद्दीतले. मग नवऱ्याच्या उत्पन्नाचा दाखला शेजारच्या राज्याच्या तहसीलदाराने दिला एवढ्यावरून तिला परकी का ठरविता? न्यायालयाच्या मर्री निकालाच्या तर्कानेच ती तुमची आहे. शेजारच्या राज्याच्या सक्षम अधिकाऱ्याचा उत्पन्नाचा दाखला ग्राह्य धरावा. सीमाप्रश्न सुटेपर्यंत आमच्याकडून कर घेणाऱ्या खजिन्याने आमच्या लेकीचे देणे चुकवू नये.

तिसरी मागणी महाराष्ट्र शासनाकडे, आणि ती आम्ही थोड्या वेदनेने करतो. ८६५ गावे आमची आहेत, असे महाराष्ट्र सांगतो. २००४ सालापासून तसा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशात सीमाभागातील मराठी विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्राने वेगळी सोय ठेवली आहे, तिच्याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. मग याच ८६५ गावांची लेक महाराष्ट्राच्या घरात सून म्हणून आली, तर खिडकीवरचा कारकून तिला परराज्याची कशी म्हणतो? अनुसूचित जातींची यादी बदलण्याचा अधिकार संसदेचा आहे, राज्याचा नाही, हे आम्ही जाणतो. परंतु स्वतःच्या तिजोरीतून अशा मुलींची फी भरण्यास महाराष्ट्राला कोणती घटना आडवी येते? जमिनीवर हक्क सांगावयाचा आणि माणसांची ओळख नाकारावयाची, हे न्यायालयातही शोभत नाही आणि घरातही नाही.

चौथी मागणी आमची आमच्याकडेच आहे. प्रत्येक १ नोव्हेंबरला आम्ही काळे निशाण धरतो, १७ जानेवारीला हुतात्म्यांपुढे मस्तक नमवितो. परंतु आपल्याच घरातील मुलीचे लग्न ठरले की, "आता शिकून काय करायचंय?" असे म्हणणारे बाप आमच्या सभांना पुढच्या रांगेत बसलेले आम्ही पाहिले आहेत. शिष्यवृत्ती बंद झाली हे निमित्त त्यांना सोयीचे वाटते. ज्या मराठी भूमीत सावित्रीबाईंनी लग्नानंतर अक्षरे गिरवून १८४८ साली मुलींची शाळा चालविली, जेथील नवव्या वर्षी बोहल्यावर चढलेल्या आनंदीबाई जोशी १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झाल्या, त्या भूमीची लेकरे म्हणवून घेताना याची थोडी तरी लाज वाटावी.

जोवर नियम बदलत नाहीत, तोवर जे करता येईल ते करावे. लग्नानंतर मुलीचे नाव बदलण्याची घाई करू नये. दहावीच्या प्रमाणपत्रावर, आधारवर आणि बँकेच्या खात्यावर एकच नाव असू द्यावे, कारण शिष्यवृत्तीची रक्कम आता थेट आधारशी जोडलेल्या खात्यात येते आणि नावांच्या गोंधळात ती अडकण्याचा धोका असतो. जातीचा दाखला लग्नापूर्वीच बापाच्या नावाने काढून ठेवावा. लग्नाची नोंदणी करून दाखला जपावा. अर्ज नाकारला तर तोंडी उत्तर घेऊन परतू नये; नकार लेखी मागावा. आमच्या प्रत्येक शाखेने एका कार्यकर्त्याकडे हे एकच काम सोपवावे आणि असे लेखी नकार गोळा करावेत. ज्या दिवशी असे शंभर कागद एकत्र होतील, त्या दिवशी दोन्ही सरकारांपुढे ठेवावयास आमच्या हाती भाषणापेक्षा भक्कम काही असेल.

त्या मुलीच्या प्रश्नाला आम्ही काय उत्तर दिले, असे कोणी विचारील. आम्ही तिला म्हणालो, "बाई, तू कोणत्या राज्याची हे ठरविण्याचे काम आमचे आणि सरकारांचे, तू वर्गात जाऊन बस." तिची या सत्राची फी आमच्या काही वाचकांनी वर्गणी काढून भरली. परंतु वर्गणीवर एक मुलगी शिकेल, सीमाभागातील सगळ्या नव्हे. त्यांच्यासाठी हक्कच हवा. आणि तो मागितल्यावाचून मिळत नाही, हे आमच्याइतके कोणाला ठाऊक आहे?