चाकाआडची ठकठक

मोटारीचे इंजिन बिघडले की गाडी जागची हालत नाही आणि मालकाला त्याची दखल घ्यावीच लागते. पुढच्या चाकांना धरून ठेवणारे आणि स्टिअरिंगचे वळण चाकांपर्यंत पोहोचवणारे भाग मात्र स्वभावाने अबोल असतात. ते झिजत जातात, गाडी धावत राहते, आणि चालवणाऱ्याचा हात त्या ढिलेपणाला इतक्या बेताबेताने सरावतो की गाडीत काही उणे आहे, हे बहुधा दुसऱ्याच्याच लक्षात आधी येते. आमच्या घरी ते पत्नीच्या लक्षात आले. मागच्या श्रावणात मल्लेश्वरमच्या बाजारातून परतताना प्रत्येक गतिरोधकावर डाव्या बाजूने ‘ठक’ असा आवाज येतो, असे तिने दोनदा सांगितले. दोन्ही वेळा तो डिकीतल्या जॅकचा आवाज आहे असे म्हणून मी मोकळा झालो. तिसऱ्या खेपेस तिने जॅकच काढून घरी ठेवला. ठकठक कायम राहिली.

आमची गाडी मारुती ८००, सन २००९ मधली. पुढल्याच वर्षी एप्रिलपासून बेंगळुरूसह तेरा शहरांत धुराचे नवे निकष लागू झाले आणि तेथे ही गाडी नवी मिळेनाशी झाली. २०१४ च्या जानेवारीत तर तिचे उत्पादनच थांबले. गणपतीला याच गाडीने कोल्हापूरला जायचे, हा आमचा नेम आहे. सहाशे किलोमीटरांहून अधिक वाट, तीही भरधाव महामार्गाची आणि गाडीत घरची सगळी माणसे. तेव्हा या आवाजाचा छडा लावणे भाग होते.

प्रथम हे भाग कोणते ते समजून घेऊ. पुढचे प्रत्येक चाक एका मजबूत ओतीव तुकड्यावर बसवलेले असते. त्याला वरून शॉक ॲब्सॉर्बर व स्प्रिंग यांची जोडी धरते आणि खालून एक आडवा लोखंडी हात, म्हणजे लोअर आर्म, धरतो. ही रचना अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्याच्या नावाने ओळखली जाते. १९५० च्या सुमारास ती फोर्डच्या गाड्यांत आली आणि आज बहुतेक लहान गाड्यांत तीच असते. (आपल्या ॲम्बॅसेडरची तऱ्हा वेगळी होती. तिच्या पुढच्या चाकांना स्प्रिंगऐवजी पीळ खाणाऱ्या पोलादी सळया होत्या, आणि तिच्या सांध्यांना वरचेवर ग्रीस द्यावे लागे.) लोअर आर्मच्या टोकाला, जेथे तो चाकाला मिळतो तेथे, बॉल जॉइंट असतो. आपल्या खुब्यात हाडाचा गोळा जसा वाटीत फिरतो, तशीच त्याची घडण. चाकाला वर-खाली होता यावे आणि वळताही यावे, म्हणून ही सोय. स्टिअरिंगच्या रॅकपासून चाकापर्यंत जी सळई जाते तिला टाय रॉड म्हणतात आणि तिच्या टोकालाही असाच एक लहान गोळा-वाटीचा सांधा असतो.

हे सांधे हल्ली कायमचे बंद करून येतात. आतले ग्रीस एका रबरी टोपीच्या भरवशावर टिकते. ती टोपी चिरली की धूळ आणि पावसाचे पाणी आत शिरते, ग्रीसची खळ होते आणि गोळा वाटीला खरवडू लागतो. आमच्या शहरात या कामाला हातभार लावणाऱ्या गोष्टींची वाण नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमावलीत गोल पाठीच्या गतिरोधकाचे माप दिलेले आहे: उंची दहा सेंटिमीटर आणि रुंदी सुमारे ३.७ मीटर, म्हणजे उंचवटा असूनही चढ-उतार सौम्य. गल्लीबोळांत एका रात्रीत उगवणारे उंचवटे या मापाच्या आसपासही नसतात. बारा इंची चाकाची गाडी त्यावरून गेली की तो हिसका प्रथम या सांध्यांनाच बसतो. टाय रॉडचा सांधा सुटला तर ते चाक स्टिअरिंगचे ऐकेनासे होते. खालचा बॉल जॉइंट सुटला तर चाक बाहेरच्या बाजूस मुडपते आणि गाडी त्या कोपऱ्यावर बसते. गल्लीत हे घडले तर मनस्ताप होतो. महामार्गावर काय होईल, ते लिहायला नको.

तपासणीला सपाट जमीन हवी. उतारावर, मातीवर किंवा फरशीच्या सैल तुकड्यांवर हे काम करू नये. हँडब्रेक ओढावा, तो मागच्या चाकांना धरतो, तरीही त्यांच्या पुढे-मागे लाकडी ठोकळे लावावेत. मग जॅकने पुढचा भाग उचलून तो गाडीच्या पुस्तकात दाखवलेल्या जागी लोखंडी स्टँडवर टेकवावा. येथे मी किंचित कठोर होतो, वाचकांनी क्षमा करावी. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हातसुद्धा घालू नये, आणि विटांचा टेकू तर मुळीच देऊ नये. वीट आधी सूचना देऊन फुटत नाही.

चाक हवेत आले की ते डाव्या-उजव्या कडांना धरून हलवावे. लटलट जाणवली तर संशय टाय रॉडवर घ्यावा. मग वर-खाली धरून हलवावे; आता ढिलाई वाटली तर ती बॉल जॉइंटची असेल किंवा चाकाच्या बेअरिंगची. दोहोंतला भेद ओळखण्याची एक सोपी युक्ती आहे. गाडी स्टँडवर नीट बसलेली असताना घरातल्या कोणास ब्रेक दाबून धरायला सांगावे. ढिलाई नाहीशी झाली तर दोष बेअरिंगचा. आमच्याकडे मुलीने ब्रेक दाबला, चाक तसेच हलत राहिले, आणि लोअर आर्मखाली लांब पहार घालून मी हलकेच उचकले तेव्हा तीच ‘ठक’ स्पष्ट ऐकू आली. पत्नी व्हरांड्यात उभी होती. ती काही बोलली नाही.

सुट्या भागांसाठी बेंगळुरूत जे. सी. रोड, म्हणजे जयचामराजेंद्र रोड. टाउन हॉलपासून पुढे दुतर्फा मोटारीच्या भागांची दुकाने लागलेली आहेत. तेथे ‘आठशेचा आर्म द्या’ एवढेच सांगून भागत नाही. गाडीचे वर्ष सांगावे, शक्य तर जुना भाग बरोबर न्यावा, आणि डावा-उजवा हा फरक विसरू नये. नकली माल सर्वत्र असतो. सांध्याचा खुंट बोटांनी फिरवून पाहावा. नवा सांधा घट्ट आणि एकसारखा फिरतो, तो कोठे अडत नाही की सैल पडत नाही. मी डाव्या बाजूचा लोअर आर्म सांध्यासकट अख्खाच घेतला आणि टाय रॉडचे सांधे मात्र दोन्ही बाजूंचे. ते एकाच वयाचे असतात. एकाची गत झाली की दुसऱ्याची जवळ आलेली असते.

टाय रॉडचा सांधा काढणे हे शक्तीपेक्षा सबुरीचे काम आहे. त्याचा खुंट निमुळता असून चाकाकडच्या निमुळत्या भोकात घट्ट रुतलेला असतो. नट सुटला तरी तो हालत नाही, आणि येथेच नवशिका चिडतो. मीही चिडलो होतो. पहिल्या प्रयत्नात मी खुंटाच्या डोक्यावरच हातोडी घातली, त्याचे आटे चेपले आणि नट धड पुढे जाईना की मागे येईना. सांधा जुनाच होता म्हणून निभावले. योग्य रीत अशी, की नट काही आटे ठेवून ढिला करावा आणि पुलर लावावा. तो नसेल तर ज्या भोकात खुंट बसला आहे त्या लोखंडी कड्याच्या बाजूवर, खुंटावर नव्हे, एक-दोन जोरदार ठोके द्यावेत. कडे क्षणभर दबते आणि खुंट ‘टक्’ करून सुटतो. सांधा फिरवून काढण्यापूर्वी त्याच्या लॉक नटची जागा रंगाने खुणावून ठेवावी आणि किती वेढे फिरले ते मोजून कागदावर लिहावे. तोंडाने मोजू नये. मध्येच कोणी चहाला हाक मारतो.

नवा सांधा तितक्याच वेढ्यांनी बसवावा. नटातून जाणारी स्प्लिट पिन दर वेळी नवी घ्यावी. तिची किंमत चहापेक्षाही कमी. भोक नटाच्या खाचेशी जुळत नसेल तर नट किंचित पुढे आवळावा, मागे कधीही सोडू नये.

लोअर आर्म बदलताना एक चूक हमखास होते, आणि ती शिकल्यासवरल्या कारागिरांकडूनही होताना मी पाहिली आहे. आर्मच्या गाडीकडील टोकाला रबरी बुश असतो. चाक लोंबकळत असतानाच त्याचा बोल्ट पुरता आवळला, तर गाडी खाली आल्यावर ते रबर कायमचे पिळलेल्या अवस्थेत राहते आणि काही महिन्यांत फाटते. म्हणून बोल्ट आधी नुसता हाताने लावावा आणि गाडीचा भार चाकांवर आल्यानंतरच शेवटचा आवळा द्यावा. आवळा किती, हे गाडीच्या दुरुस्ती-पुस्तकात आकड्याने दिलेले असते आणि तो आकडा टॉर्क पान्यानेच साधावा. ‘चांगला घट्ट’ हे माप नव्हे.

आता कोठे थांबावे, तेही सांगतो. वरची स्प्रिंग दबलेल्या अवस्थेत असते. बॉनेट उघडल्यावर तिच्या माथ्याशी मधोमध जो नट दिसतो, त्याला घरी हात लावू नये. त्याच्या खाली माणसाचा जीव घेण्याइतके बळ कोंडलेले असते. शॉक ॲब्सॉर्बर बदलायचाच असेल तर कडेचे नट सोडून सबंध जोडी बाहेर काढावी आणि स्प्रिंग दाबण्याचे यंत्र असलेल्या कारखान्यात न्यावी. नव्या गाड्यांत स्टिअरिंगच्या चाकात हवेची पिशवी असते, चाकाशी ब्रेकची विद्युत तार असते, स्टिअरिंगला मोटार जोडलेली असते. तेथे वरचे दांडे उघडण्याचे धाडस करू नये. मला स्वतःला हे पटायला एक रविवार खर्ची पडला, कारण स्प्रिंग दाबण्याचे भाड्याचे हत्यार घरी आणून ठेवले होते. त्याचे आटे झिजलेले दिसले, म्हणून तसेच परत केले.

काम संपले तेव्हा गाडी सरळ धावत असताना स्टिअरिंगची दांडी तिरकी राहू लागली. वेढे बरोबर मोजले होते. परंतु नव्या सांध्याची लांबी जुन्याहून केसभर निराळी होती, आणि तेवढे पुरते. दोन्ही चाकांच्या पुढच्या कडांतील अंतर मागच्या कडांतील अंतराशी किती जुळते, यावर टायरचे आयुष्य अवलंबून असते. हा फरक काही मिलिमीटरांचाच असतो. तो चुकला तर टायर रस्त्यावर तिरके घासत जाते आणि त्याच्या नक्षीवर तळहात आडवा फिरवला असता एका दिशेला करवतीसारखे टोचते. घरी सुतळी ताणून अंदाज घेता येतो, आणि तो अलाइनमेंटच्या यंत्रापर्यंत सावकाश जाण्यापुरता चांगला असतो. त्यापुढे यंत्राचेच काम. मी त्याच संध्याकाळी गेलो. डावे चाक बरेच आत वळलेले निघाले. कागदावर छापून आलेले आकडे गाडीच्या वहीत चिकटवले, आणि शंभर किलोमीटर झाल्यावर चाकांचे नट पुन्हा एकवार पान्याने तपासले. एक नट पाव वेढा फिरला.

सबंध कामाला दोन रविवार लागले, वाया गेलेला धरून तीन. गणपतीच्या आदल्या पहाटे आम्ही तुमकूरच्या रस्त्याला लागलो. चित्रदुर्गापर्यंत मी प्रत्येक खड्ड्याला कान लावून होतो, त्यानंतर विसरलो. जुना सांधा टाकून दिलेला नाही. तो हत्यारांच्या पेटीत आहे. उभा धरला की त्याचा खुंट आपल्याच वजनाने एका बाजूला कलंडतो. जॅक पुन्हा डिकीत गेला आहे, या खेपेस गोणपाटात गुंडाळून.