वेबसाइट काढू, पण डोमेन कंपनीच्या नावावर

हळद पावडर ऑनलाइन विकायला वेबसाइट काढायची, असं मागच्या बैठकीत ठरत आलंय. माझाही होकार आहे, पण एका अटीवर.

आईच्या बचत गटाने पापडासाठी वेबसाइट करून घेतली होती. करणाऱ्याने डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, स्वतःच्याच नावावर घेतलं. डोमेन कायमचं मिळत नाही, मुदत संपायच्या आत पुन्हा पैसे भरावे लागतात. दुसऱ्या वर्षी त्याने फोन उचलणंच बंद केलं. वेबसाइट गेली, आणि ते नाव छापलेली पाकिटं घरात पडून राहिली. सातबारा दुसऱ्याच्या नावावर असताना तिथे विहीर कोण खोदतं? डोमेन, त्याचा ईमेल, पासवर्ड सगळं कंपनीकडेच हवं. मुदतीची तारीख रजिस्टरला लिहा.

पाकिटावर एफएसएसएआयचा १४ अंकी नंबर, वजन, एमआरपी, बॅच, तारीख आधी पाहिजे. पाव-अर्ध्या किलोला कुरिअर डोईजड होतं, माझ्या मते दोन किलोखाली ऑर्डर घेऊच नये.

तोवर व्हॉट्सॲप बिझनेसवर कॅटलॉग टाकू, फुकट आहे. ‘पैसे पाठवतो, क्यूआर स्कॅन करून पिन टाका’ असा फोन आला तर ठेवून द्या. पैसे घ्यायला पिन लागत नाही.

ऑर्डरचा फोन कोण उचलणार, ते मात्र अजून ठरलेलं नाही. मी दिवसभर शिवारात असतो. घरी कोणी शिकलेली सून, मुलगी असेल तर कळवा. मानधन द्यायलाच हवं, असं मी संचालकांना सांगितलंय.