उन्हाचे गिऱ्हाईक

कॅनरी बेटांविषयी एक मत वरचेवर ऐकू येते. बारमाही ऊन आणि समुद्रस्नान एवढ्यासाठीच ही बेटे आहेत. प्रवाशाने तेथे आठवडाभर पडून राहावे. आणि त्याच्या पैशावर बेटवाल्यांचा संसार चालत असल्यामुळे त्यांनी कुरकुर करू नये! हे मत आम्हांस अडाणीपणाचे व कृतघ्नपणाचे वाटते.

प्रथम अडाणीपणा पाहू. आफ्रिकेच्या वायव्य किनाऱ्यासमोरील ही स्पॅनिश बेटे ज्वालामुखींनी समुद्रतळातून उभारली. लान्झारोते बेटावर १७३० ते १७३६ पर्यंत भूमी धगधगत होती व सुपीक शेते राखेखाली गडप झाली. तेथील शेतकरी हाय खाऊन बसला नाही. त्याने राखेत खड्डे खणून खालच्या मातीत द्राक्षवेल लावली आणि वाऱ्याच्या आडोशास दगडांचे अर्धवर्तुळाकार बांध घातले. राख मातीतील ओल उडू देत नाही. म्हणून पाऊस तुटपुंजा असूनही तेथे द्राक्षे पिकतात. ला गोमेरा बेटावर खोल दरीपलीकडील माणसाशी शिटीच्या भाषेत बोलण्याची रीत आहे. २००९ साली युनेस्कोने तिची गणना मानवजातीच्या वारशात केली. यांतले काहीच न पाहता जो परततो, त्याने बेटे पाहिली असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

आता कृतघ्नपणा. सुमारे बावीस लाख वस्तीच्या या बेटांवर २०२४ साली दीड कोटींहून अधिक प्रवासी उतरले. लान्झारोतेस वाहती नदी नाही. पिण्याचे पाणी समुद्राचे खारेपण काढून मिळवावे लागते. घरे प्रवाशांस भाड्याने दिली जातात व स्थानिक तरुणास बिऱ्हाड मिळेनासे होते. म्हणूनच २० एप्रिल २०२४ रोजी हजारो बेटकर ‘कॅनरीलाही मर्यादा आहे’ अशा आशयाची घोषणा देत रस्त्यांवर आले.

यावर आक्षेप असा की, बेटांच्या उत्पन्नाचा सुमारे तिसरा हिस्सा प्रवाशांकडूनच येतो. हे खरे आहे. पण त्यावरून निघणारे अनुमान खोटे आहे. ज्याचा चरितार्थ पाहुण्यांवर अवलंबून आहे, त्यानेच पाहुणे किती व कसे यावेत हे ठरविणे न्याय्य नव्हे काय? मोर्चेकऱ्यांचे मागणे दार बंद करण्याचे नव्हते, मर्यादेचे होते. आणि मर्यादा म्हणजे दारिद्र्य नव्हे, हे सेसार मान्रिके (१९१९–१९९२) या लान्झारोतेच्या चित्रकाराने दाखवून दिले आहे. त्याने उंच इमारतींस कडाडून विरोध केला आणि लाव्हारसाच्या भुयारातच ‘खामेओस देल आग्वा’ हे रम्य स्थळ निर्माण केले. ते पाहावयास आजही लोक लोटतात.

तेव्हा प्रवाशाने अवश्य जावे. परंतु द्राक्षमळा पाहावा, शिटीची भाषा ऐकावी, पाणी जपून वापरावे आणि यजमानाने घातलेली मर्यादा निमूटपणे पाळावी. पैसे मोजल्याने खोली मिळते. घराची मालकी मिळत नाही.