विकणाऱ्यानेही घर तपासून घ्यावं



दोन महिने काही लिहिलं नाही. आमचं सांगलीचं घर विकलं आणि आम्ही दोघं मुलाजवळ पुण्याला आलो, त्या धावपळीत दिवस गेले. मसाल्याचे डबे अजून खोक्यातच आहेत.

आज घराच्या तपासणीबद्दल लिहायचंय. मुलाने गेल्या वर्षी इथे नवीन फ्लॅट घेतला. चावी घेण्याआधी त्याने पैसे देऊन घर तपासणारी माणसं बोलावली. मी म्हटलं, कोऱ्या घरात काय तपासायचं? मुद्रांक शुल्क झालं, नोंदणीचे ३० हजार झाले, वकिलाची फी झाली, त्यात हा आणखी एक खर्च कशाला?

एक मुलगी आणि एक मुलगा आले, दोघंही सिव्हिल इंजिनिअर. चार तास होते. ती मुलगी हातातल्या काठीने एकेक फरशी वाजवत गेली. बाजारात आपण मडकं वाजवून घेतो ना, अगदी तसं. पोकळ आवाज आला की त्यावर टेप चिकटवायची. हॉलमध्येच अकरा फरश्या निघाल्या. बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओतलं तर ते जाळीकडे जायच्या ऐवजी दाराकडे आलं. ओट्याजवळच्या दोन प्लगना अर्थिंगच नव्हतं, म्हणजे जिथे आपण ओल्या हाताने मिक्सर लावतो तिथेच. बाथरूमला लागून असलेल्या बेडरूमच्या भिंतीवर ओल मोजायचं मीटर लावलं, तर आकडा इतर भिंतींपेक्षा कितीतरी जास्त. डोळ्यांना भिंत कोरडी ठणठणीत दिसत होती. मग कॅमेऱ्यात दाखवलं. ओला भाग थंड असतो, म्हणून तो निळा दिसतो. तीच मुलगी प्रामाणिकपणे म्हणाली, "काकू, हा कॅमेरा भिंतीच्या आतलं बघत नाही. वरचं तापमान दाखवतो, त्यावरून आम्ही अंदाज बांधतो." मला ते फार आवडलं.

फोटोंसकट यादी बिल्डरला गेली. त्यांच्या साइट इंजिनिअरने तोंड वाकडं केलं, पण शेवटचा हप्ता आणि ताबा दोन्ही बाकी होते, म्हणून पाच आठवड्यांत सगळं करून दिलं. रेरा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत बांधकामातला दोष दाखवून दिला तर बिल्डरने ३० दिवसांत तो फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो. हे आपल्याला माहीत हवंच. पण पलंग-कपाटं लावून झाल्यावर फरशी उखडली तर तो सिमेंटचा धुरळा कोण झाडणार? कायदा काही केरसुणी घेऊन येत नाही. म्हणून तपासणी चावी हातात घ्यायच्या आधी.

आणखी एक गैरसमज. "बँकेने कर्ज दिलं म्हणजे घर चांगलंच असणार." मी बी.कॉम. झालेली आहे, हिशेबाच्या भाषेत सांगते. बँकेचा माणूस हप्ते थकले तर या घराचे किती पैसे येतील, एवढंच बघायला येतो. तो सिंकखाली वाकून बघत नाही. वकील ३० वर्षांचे कागद शोधतो, पण भिंतींचा शोध कोणीच घेत नाही.

इथपर्यंत कोणाचं दुमत नसेल. माझं म्हणणं पुढे आहे आणि ते काही जणींना आवडणार नाही. घेणाऱ्याने घर तपासावं हे ठीकच, पण विकणाऱ्याने आधी स्वतःच्या खर्चाने तपासून घ्यावं आणि तो रिपोर्ट घेणाऱ्याच्या हातात द्यावा.

हे मी कुठून शिकले ते सांगायला लाज वाटते. २००५ च्या महापुरात आमच्या तेव्हाच्या तळमजल्यावरच्या फ्लॅटमध्ये कमरेइतकं पाणी आलं होतं. पुढच्या वर्षी आम्ही तो विकला. मागच्या खोलीच्या भिंतीला ओल धरली होती, पोपडे निघत होते. पेंटरने खरवडून लांबी भरली, दोन हात रंग मारला. भिंत नव्या नवरीसारखी दिसायला लागली. घेणारं कुटुंब आपल्यातलंच. पाणी आलेलं त्यांना माहीत होतं, अख्ख्या गावाला माहीत होतं. भिंत अजून वाळली नाही, हे मात्र आम्हालाच माहीत होतं. वर्षभराने दशलक्षणात मंदिरात त्या बाई भेटल्या. म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही असताना पण मागच्या खोलीत अशी ओल यायची का हो?" मी म्हटलं, "नाही बाई, आमच्या वेळी काही नव्हतं." त्या दिवशी प्रवचन उत्तम आर्जवावर होतं.

त्यानंतर दर क्षमावाणीला मी त्यांना हात जोडून कळत-नकळत झालेल्या चुकांची क्षमा मागत आले. कळून केलेल्या त्या एका चुकीचं नाव मात्र कधी काढलं नाही.

आता विकलेलं घर २००५ ला कोरडं राहिलं होतं, पण २०१९ ला त्यातही पाणी शिरलं. आयर्विन पुलावर ४५ फूट म्हणजे धोका पातळी. त्या ऑगस्टमध्ये पाणी तिच्याही कितीतरी वर गेलं, हे सांगलीकरांना सांगायला नको. २०२१ ला पुन्हा अंगणापर्यंत आलं. विकायचं ठरलं तेव्हा एजंट म्हणाला, "काकू, चांगला वॉटरप्रूफ रंग मारा, काही कळत नाही." आमच्या यजमानांचंही तेच मत. "कोणी विचारलं तर सांगू, आपण होऊन का सांगायचं?" आमच्यात चार दिवस बोलणं बंद होतं, खोटं कशाला सांगू.

कॉलेजात मर्कंटाइल लॉ शिकवताना सर सांगायचे की घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवावेत. मी तेच धरून बसले होते. पण तो माल-विक्रीचा नियम. घरासाठी मालमत्ता हस्तांतरण कायदा आहे, १८८२ सालचा. त्याचं कलम ५५ सांगतं की करारात वेगळं ठरलं नसेल तर, विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साध्या काळजीने न सापडणारा मोठा दोष विकणाऱ्याने आपण होऊन सांगितलाच पाहिजे. न सांगणं हे कपट धरलं जातं. मुलाने हे वाचून दाखवलं तेव्हा यजमान गप्प झाले. मला त्यात नवं काय वाटणार? अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत प्रतिरूपक व्यवहार आपण लहानपणापासून ऐकतो. चांगल्या मालात हलका मिसळून चांगल्याच्या भावाने विकणं. ओल्या भिंतीवर लांबी भरणं दुसरं काय आहे?

मग आम्ही ओळखीतला नाही असा इंजिनिअर बोलावला. हे महत्त्वाचं. बिल्डरचा किंवा एजंटचा माणूस नको. आपल्याकडे या कामाला वेगळा सरकारी परवाना लागत नाही, म्हणून शिक्षण काय ते विचारा आणि आधी केलेला एखादा रिपोर्ट बघायला मागा. आमच्या रिपोर्टात आलं ते असं: खालच्या मजल्याचं वायरिंग गंजलेलं, दोन चौकटींना खालून वाळवी, जिन्याखालच्या कॉलमचं काँक्रीट सुटून सळई दिसायला लागलेली. सळईचं आम्हालाही माहीत नव्हतं. तिथे मी केरसुण्या आणि सायकल ठेवायची! वाळवीचं वाचून जिवाला लागलं. गळती वेळेवर बंद केली असती तर ती लागलीच नसती, आणि औषध मारून इतके जीव घालवायची वेळ आली नसती. ज्यांना घर घ्यायचं-विकायचं नाही त्यांनीही म्हणून दर काही वर्षांनी घर दाखवून घ्यावं. सोसायटीत राहत असाल तर इमारत १५ वर्षांची झाल्यावर दर ५ वर्षांनी आणि ३० वर्षांनंतर दर ३ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं असतं. सभेत विचारा, कधी झालं म्हणून.

पहिलं गिऱ्हाईक रिपोर्ट वाचून निघून गेलं. दुसऱ्यांनी घेतलं, पण सव्वातीन लाख कमी देऊन. यजमान अजून अधूनमधून तो आकडा काढतात. मी ऐकून घेते. पैसे त्यांच्या कष्टाचे होते.

सांगली सोडायच्या आधी त्या बाईंकडे गेले आणि १९ वर्षांपूर्वीची भिंत, पेंटर, मंदिरातलं माझं उत्तर, सगळं सांगितलं. त्यांनी चहा ठेवला होता, तो उतू गेला. मग म्हणाल्या, "तेव्हाच सांगायचं होतं वहिनी. त्या खोलीत आमच्या सासूबाई झोपायच्या." त्यांना दमा होता, हे मला माहीत होतं.

गेल्या आठवड्यात नव्या घरमालकांच्या सुनेचा फोन आला. वायरिंग नवीन केलं, मीटरचा बोर्ड पाण्याच्या खुणेच्या वर घेतला, कॉलमचं काम चालू आहे. मागच्या दाराची मोरी पावसाळ्यात तुंबते का, असं विचारत होती. रिपोर्टात ते नव्हतं, तपासणी उन्हाळ्यात झाली होती. तुंबते, म्हटलं, आणि कुठली जाळी काढून साफ करायची तेही सांगितलं.