भिंतीवरचं सर्टिफिकेट

गेल्या रविवारी अम्मींचा खोकला वाढला. मी मागच्या वेळच्या अँटिबायोटिकचं रिकामं पाकीट घेऊन पावण्यातल्या नेहमीच्या मेडिकलवर गेले. "भाई, हेच द्या." त्यांनी पाकीट परत केलं. "टीचर, नवी चिठ्ठी आणा. हे एच-वनमधलं आहे."

राग आला. दवाखाना बंद, अम्मी घरी खोकताहेत! तेव्हा त्यांनी रजिस्टर उघडून दाखवलं. काही जोरदार अँटिबायोटिक आणि टीबीची औषधं 1 मार्च 2014 पासून 'शेड्यूल एच-वन'मध्ये आहेत. डॉक्टरांचं नाव, पेशंटचं नाव, किती गोळ्या दिल्या, सगळं लिहायचं आणि वही तीन वर्षं जपायची. चिठ्ठीशिवाय काय लिहिणार?

हेच भाई 28 सप्टेंबर 2018 ला दुकान बंद ठेवून देशव्यापी बंदमध्ये गेले होते. महिनाभर आधी केंद्राने ऑनलाइन औषधविक्रीच्या नियमांचा मसुदा काढला होता. औषधविक्रेत्यांच्या अखिल भारतीय संघटनेचं म्हणणं, एकच चिठ्ठी दहा ठिकाणी चालेल, नशेच्या गोळ्या मुलांच्या हाती पडतील. करोनात, मार्च 2020 मध्ये, घरपोच औषधांना सूट मिळाली. तीही मागे घ्या, असं संघटना सरकारला सांगत आली आहे.

मला हे पटतं, पण अर्धंच. 1948 च्या फार्मसी कायद्याचं 42 वं कलम सांगतं की चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यावं. महेश झगडे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना त्यांनी दुकानात फार्मासिस्ट हजर हवा, असा आग्रह धरला, तेव्हा राज्यातल्या दुकानदारांनी त्यांच्याविरुद्धही बंद पुकारला होता. मोबाइलवर फार्मासिस्ट भेटत नाही ही तक्रार खरी. पण काउंटरवर तरी दर वेळी भेटतो का? आपण बायका औषध आणायला जातो, समोरचा मुलगा कोण, हे कधी विचारतो? मीही विचारलं नव्हतं.

हे सगळं डोक्यात घोळतंय ते एका विद्यार्थिनीमुळे. बारावीनंतर दोन वर्षांचा डी.फार्म. केला, नोंदणी झाली. घरात पहिलीच शिकलेली मुलगी. परवा आली ती पेढे घेऊन आणि चेहरा उतरलेला. एका दुकानदाराने सांगितलं होतं, "तू यायची गरज नाही. सर्टिफिकेट भिंतीवर लावू, महिन्याला पैसे घरी येतील."

अब्बांना हे बरं वाटलं. मुलीला बाहेर जावं लागणार नाही, पैसेही मिळतील. आईने माझ्याकडे पाहिलं.

मी विचारलं, "चुकीची गोळी गेली तर नाव कोणाचं?"

"माझंच ना, टीचर."

अब्बा गप्प बसले. मग म्हणाले, "पगार थोडा कमी असला तरी चालेल, पण दुकान घराजवळचं बघू."

सोमवारी मी तिला आमच्या भाईंकडे घेऊन गेले. संध्याकाळच्या पाळीला त्यांना माणूस हवाच होता.