साक्षीदार अंड्यातच आहे

२०१८ सालच्या जानेवारीत, तेव्हाच्या औरंगाबादेत, केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनला निकालात काढले. माकडाचा माणूस होताना पाहिल्याचे आपल्या पूर्वजांनी कुठे सांगितले नाही, लिहिले नाही; सबब सिद्धांत चूक, शाळा-कॉलेजांतून तो बदलावा, असा त्यांचा निवाडा. देशातल्या तीन विज्ञान अकादमींनी लगोलग निषेध केला, वरिष्ठ मंत्र्यांनीही त्यांना आवरले. प्रकरण मिटले, असे वाटले. मिटले कुठले! २०२३ साली एनसीईआरटीच्या दहावीच्या ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ या धड्यातली उत्क्रांती गळाली. कारण दिले मुलांवरच्या ओझ्याचे. इकडे आमच्या राज्य मंडळाच्या २०१८ सालच्या पुस्तकात, दुसऱ्या भागात, तो धडा अगदी पहिला! म्हणजे मुलुंडच्या एकाच इमारतीत समोरासमोरच्या दोन दारांत एका मुलाला पूर्वज होते आणि दुसऱ्याला नव्हते.

मला नवल वाटते ते साक्षीदाराच्या मागणीचे. सिंहसाहेब एके काळी मुंबईचे पोलीस आयुक्त होते. डोळ्यांनी पाहणारा कोणी नाही म्हणून चोरीच झाली नाही, असे घाटकोपरचा हवालदारसुद्धा म्हणणार नाही. तो ठसे शोधतो. उत्क्रांतीचे ठसे तर वाचकहो, तुमच्याआमच्या तोंडावर आहेत, अक्षरशः तोंडावर.

उबवणीला घातलेले कोंबडीचे अंडे घ्या. (मी मराठीचा मास्तर, कादंबऱ्या लिहिणारा, शिक्षण मॅट्रिकपुरते. मला जे कळले ते कोणालाही कळेल.) २१ दिवसांपैकी दुसऱ्याच दिवशी भ्रूणाच्या पाठीवरच्या पट्टीचे काठ वर उचलले जाऊन, करंजीच्या कडा मिटाव्यात तसे मिटतात आणि नळी होते. तिचाच पुढे मेंदू आणि मज्जारज्जू. पण मुरड जिथे घालतो, तिथल्या पेशी जागेवर राहात नाहीत. त्या सुटतात आणि अंगभर पांगतात. चेहऱ्याची हाडे, जबडा, दातांचा गाभा, कातडीला रंग देणाऱ्या पेशी, आतड्यांतल्या नसा, सगळे यांच्यापासून. १८६८ साली विल्हेल्म हिस यांनी या कोंबडीच्या भ्रूणात प्रथम टिपल्या. न्यूरल क्रेस्ट असे त्यांचे नाव.

आता ठसे जुळवा. वाळूत पुरून राहणारा बोटाएवढा अँफिऑक्सस हा प्राणी आहे. त्याला नळी आहे, मुरड आहे, मुरडीवरची पुष्कळशी जनुकेही तीच. पण पेशी जागच्या हलत नाहीत, आणि त्याला ना कवटी ना जबडा. लँप्री नावाच्या जलचराच्या पेशी हिंडतात. त्याला कवटी आहे, जबडा अजून नाही. पुढे शार्कपासून जबडाही आला. पाठीच्या कण्याच्या प्राण्यांचे डोके हीच मुळी नवी रचना आणि ती मुख्यतः या पेशींनी उभी केली, असे गान्स आणि नॉर्थकट यांनी १९८३ साली मांडले. २०१२ साली तर समुद्रातल्या ॲसिडियन या मऊ जिवाच्या भ्रूणात, जागेवर बसणाऱ्या तशाच पेशींमध्ये ट्विस्ट नावाचे एक जनुक चालू केले, तर त्या चालू लागल्या! साहेबांना साक्षीदार हवा होता ना? हा घ्या. जंगलात नव्हे, प्रयोगशाळेत.

‘असेल बुवा, पण आम्हाला याचा उपयोग काय?’ ही दुसरी तक्रार. उपयोग स्वयंपाकघरात आहे. ७ सप्टेंबर २०२५ च्या रात्री चंद्राला खग्रास ग्रहण लागले, तेव्हा बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत किती गर्भार लेकीसुना विळी-कात्री दूर ठेवून अवघडून बसल्या असतील, त्याची मोजदाद कोणी करावी? आणि मूल दुभंगलेल्या ओठाचे झाले, की बोट आईकडे: ग्रहणात काही चिरले असशील! अहो, या हिंडत्या पेशींनी घडवलेले चेहऱ्याचे दोन भाग एकमेकांना भेटून ओठ होतो, तो पहिल्या दोन महिन्यांच्या आतबाहेर. ते कुठे जुळले नाहीत, की ओठ दुभंगतो. सातव्या महिन्यात कांदा चिरला तरी जुळलेला ओठ फाटत नाही. कोडाचेही तेच. रंगाच्या पेशी नाहीशा होतात, आणि आपण मासळीवर दूध प्यायल्याचा आळ घेऊन मुलीचे लग्न मोडतो.

काढलेल्या धड्यात या पेशींचे नाव नव्हते, हे मला ठाऊक आहे. परंतु शरीर हे जुन्यातून नवे, टप्प्याटप्प्याने घडत आले, ही नजर त्याच धड्यातून मिळते. वर्गातल्या मुली उद्या त्या ग्रहणाच्या खोलीत बसणार. त्यांच्या हातातून नेमके तेच पान काढून घ्यायचे, आणि वर म्हणायचे की ओझे कमी केले!