लंडनचा ‘गोविंदा’ आणि चेन्नईतला वाद

कुला शेकर हा लंडनचा सायकेडेलिक रॉक बँड. १९९६ साली त्याचा ‘के’ हा पहिला अल्बम आला आणि ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. त्याच वर्षाच्या अखेरीस या बँडचे ‘गोविंदा’ हे गाणे तिथल्या पहिल्या दहांत पोचले. सबंध गाण्यात एकही इंग्रजी शब्द नाही, सारे नामस्मरण संस्कृतात. तेव्हापासून या बँडच्या श्रोत्यांत जी फूट पडली ती अजून सांधलेली नाही. एक तट म्हणतो, गिटार झकास आहे, पण मध्येच हे मंत्र कशाला? दुसरा म्हणतो, मंत्र हाच या बँडचा प्राण. तिसरा आपल्याकडचा: गोऱ्यांनी आमचा देव उचलला आणि बाजारात मांडला. चौथाही आपल्याकडचाच: गोऱ्यांनी आमचा देव गायला, यातच सगळे आले. मी चेन्नईत राहतो, हे चारही सूर माझ्या कानांवर पडतात. पहिला, तिसरा आणि चौथा मला साफ चुकीचे वाटतात. दुसरा अर्धाच बरोबर आहे.

या वादात चेन्नईला बोलण्याचा जरा जास्त हक्क आहे. बँडचे नाव कुलशेखर आळवारांवरून घेतलेले. बारा आळवारांपैकी, म्हणजे तमिळ वैष्णव संतकवींपैकी, हे एक, नवव्या शतकाच्या सुमाराचे चेर देशाचे राजे. चेन्नईतल्या तिरुवल्लिक्केणीच्या पार्थसारथी मंदिरात आळवारांच्या पदांचा जो दिव्यप्रबंध म्हटला जातो, त्यात त्यांची पाशुरेही आहेत. देवाच्या दारातली पायरी व्हावे, एवढेच त्यांनी मागितले. म्हणून तिरुमलेच्या गाभाऱ्याच्या उंबरठ्याला ‘कुलशेखर पडि’ म्हणतात. पंढरपुरात नामदेवाची पायरी ज्याने पाहिली आहे त्याला हे समजावून सांगायला नको. अशा राजाचे नाव चार इंग्रज तरुणांनी घेतले, तेव्हा इथल्या माणसाने कान टवकारणे साहजिक आहे.

आता चोरीचा आरोप. तो करणाऱ्यांनी आधी याच शहराचा इतिहास आठवावा. चेन्नईच्या उत्तरेला मणली आहे. आज ते नाव तेलशुद्धीकरण कारखान्यामुळे माहीत असते. अठराव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या मुदलियारांच्या आश्रयाला संगीतकारांचे दीक्षितर घराणे होते. त्यांच्यामुळे या घराण्याला सेंट जॉर्ज किल्ल्यात वाजणारा इंग्रजी बँड ऐकायला मिळाला. मुत्तुस्वामी दीक्षितरांनी त्या पाश्चात्त्य चालींवर संस्कृत रचना बांधल्या. त्यांनाच नोट्टुस्वर म्हणतात. इंग्लंडच्या राजगीताची चालसुद्धा त्यांनी सोडली नाही, तीवर ‘संततं पाहि माम्’ ही देवीची स्तुती रचली. त्यांचे धाकटे बंधू बालुस्वामी यांनी व्हायोलिन उचलले, आणि आज व्हायोलिनवाचून कर्नाटक संगीताची मैफल सुरू होत नाही. ही चोरी म्हणायची का? दीक्षितरांना इंग्रजांचे राजगीत देवीच्या चरणी वाहता येते, तर लंडनच्या पोराला गिटारवर गोविंदाचे नाव घेता येत नाही, असे कोणत्या न्यायाने म्हणायचे? ‘पण तेव्हा राज्य त्यांचे होते, आपण दुबळे होतो’ असे उत्तर मिळते. ते मान्य. दुबळ्याने घेणे आणि बलवानाने घेणे यांत फरक आहेच. पण तो फरक पैशाचा आणि श्रेयाचा आहे. त्याकडे मी पुढे येतो. सुरावर मात्र त्यावरून मालकी सिद्ध होत नाही.

उच्चारांवरूनही टीका होते. संस्कृत शब्द इंग्रजी जिभेवर घसरतात, हे खरेच. पण आपण मराठी माणसे काय करतो ते पाहा. दक्षिणेच्या भजन संप्रदायात मराठी अभंग पिढ्यान्‌पिढ्या गायले जातात. चेन्नईच्या संगीत सभांमध्ये गायिका अरुणा साईराम यांनी अभंगाला असे स्थान मिळवून दिले की श्रोते त्याची फर्माईश करतात. तमिळ गायकांच्या तोंडी कधी ‘ठ’ हलका होतो, कधी ‘भ’चा ‘ब’ होतो. विठ्ठलाचे नाव मैलापुरात ऐकून आपला ऊर भरून येतो. त्या वेळी व्याकरणाचे पुस्तक काढून बसावेसे आपल्याला वाटत नाही. मग लंडनसाठी वेगळा गज का?

चौथा तट मला तिसऱ्याहून जास्त घातक वाटतो, कारण तो काही ऐकतच नाही. परदेशी बँडने ‘तत्त्व’ नावाचे गाणे गायले की याला पुरे. १९९७ मध्ये बँडचा गायक क्रिस्पियन मिल्स स्वस्तिकाविषयी कौतुकाने बोलला आणि ब्रिटनमध्ये गदारोळ उठला. त्याला खुलासे करावे लागले. आपल्याकडचे काही लोक अजून त्याची बाजू घेतात: चिन्ह आमचे, हजारो वर्षांचे, युरोपने गप्प बसावे. हे मला अमान्य आहे. ज्या खंडात त्या चिन्हाशी मिळत्याजुळत्या खुणेखाली लाखो माणसे मारली गेली, तिथे ते उच्चारताना जबाबदारी लागते. आपल्या उंबरठ्यावरच्या स्वस्तिकाचे पावित्र्य त्या माणसांच्या दुःखाहून मोठे ठरत नाही. मिल्स तिथे चुकला. मात्र त्या चुकीसाठी ‘गोविंदा’ला शिक्षा देणे हाही अन्यायच.

आता राहिले गिटारवाले. ‘हे डूड’ आणि ‘हश’ ही गाणी वाजवा, भजन नको, अशी त्यांची मागणी. यांना सायकेडेलिक रॉकचे मूळच ठाऊक नाही असे म्हणावे लागते. १९६६ च्या ‘रिव्हॉल्वर’ अल्बममधले बीटल्सचे ‘टुमॉरो नेव्हर नोज’ ऐका. तंबोऱ्याचा अखंड सूर आणि जवळजवळ सारे गाणे एकाच आधारस्वरावर उभे. या संगीतप्रकाराच्या पायाभरणीतच भारतीय सूर आहे. तो काढून टाकला तर खाली उरते ते साधे रॉक.

‘तेच तेच शब्द’ हाही त्यांचा आक्षेप. मार्गळी या तमिळ महिन्यात पहाटे मैलापूरला या. कपालीश्वर मंदिराभोवतीच्या चार माड वीथींतून भजनी मंडळी फिरतात. वाग्गेयकार पापनाशम शिवन यांनी वर्षानुवर्षे चालवलेली ही परंपरा. गळ्यात पेटी अडकवलेला, शाल गुंडाळलेला माणूस एक ओळ टाकतो, मागचे उचलतात. शब्द तेच, झांजा तेवढ्या जलद होत जातात, आणि कोपऱ्यावर वळेपर्यंत वाटेतले दूधवालेही ओळ म्हणू लागतात. नामगजराचे सामर्थ्य पुनरावृत्तीतच असते. ‘गोविंदा’त गिटार आणि ड्रम झांजांचेच काम करतात, म्हणून ते गाणे मला मनापासून आवडते. नामाला तिथे शोभेची वस्तू केलेले नाही, त्याच्यावरच सारे गाणे उभे आहे.

दुसरा तट अर्धाच बरोबर म्हणालो तो इथे. या बँडची सगळीच भारतीय वळणाची गाणी अशी नाहीत. काहींत सुरुवातीला सतार, मध्ये एखादा संस्कृत शब्द, आणि बाकी नेहमीचे गिटारकाम. ‘टेंपल ऑफ एव्हरलास्टिंग लाइट’ मला त्यांतले वाटते. भारतीय वळण तिथे नसते तरी गाण्याचे काही बिघडले नसते. जिथे भारतीय अंग काढले की गाणे कोसळते तिथे ते खरे. जिथे काढूनही काही होत नाही तिथे ती सजावट. याच कसोटीवर मी ‘गोविंदा’ला आणि ‘तत्त्व’ला उत्तीर्ण करतो.

श्रेयाचे राहिले. ‘रिव्हॉल्वर’च्या वेष्टनावर तबलावादक अनिल भागवत यांचे नाव छापले होते. पुढच्याच वर्षी बीटल्सच्याच ‘सार्जंट पेपर’ या अल्बममध्ये लंडनच्या एशियन म्युझिक सर्कलचे भारतीय वादक वाजले, आणि वेष्टनावर त्यांच्यापैकी एकाचेही नाव आले नाही. कित्येक दशके ते निनावी राहिले. खरा अन्याय हा आहे. चेन्नईतल्या आणि महाराष्ट्रातल्या श्रोत्यांना माझे सांगणे असे: कुला शेकरचा असो की आणखी कुणाचा, अल्बम हाती आला की कुणाची सतार, कुणाचा तबला, कुणाचा आवाज हे आधी शोधा. नाव नसेल तर बँडला विचारा, कंपनीला विचारा, आणि मिळेपर्यंत विचारत राहा.